मुलाची परीक्षा आणि परीक्षकाची दृष्टि

ज्ञानेंद्रियें पांच, हें प्रत्येकजण लहानपणींच शिकतो. डोळ्यांनीं पाहावें, कानांनीं ऐकावें, नाकानें वास घ्यावा, जिभेनें चव जाणावी आणि त्वचेनें स्पर्श ओळखावा, एवढ्यावर हा हिशेब संपतो असा सामान्य समज आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें मात्र हा हिशेब अपुरा आहे. कानाच्या आंत, श्रवणाच्या इंद्रियाला लागूनच, तोल आणि गति जाणणारें एक सूक्ष्म यंत्र बसविलेलें आहे. मान कलली, देह फिरला, पाय घसरला कीं त्याची वर्दी तें तत्क्षणीं मेंदूला देतें. तसेंच हात कोठें आहे, गुडघा किती वांकला आहे, वस्तु किती जोरानें धरली आहे, याची जाणीव स्नायु आणि सांधे यांच्याकडून अखंड येत असते. या दोन इंद्रियांना व्यवहारांत नांव नाहीं. कारण त्यांचें काम बिघडल्यावांचून त्यांची कोणाला आठवणच होत नाहीं.

पांच वर्षांचें मूल पाण्यानें भरलेला पितळी गडवा उचलून ओठांशीं नेतें, ही गोष्ट पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटते. तरी तेवढ्या अवकाशांत केवढा कारभार होऊन जातो! गडवा किती दूर आहे हें डोळे सांगतात, त्याचा थंडपणा आणि गुळगुळीतपणा बोटें सांगतात, त्याचें वजन दंडाचे स्नायु तोलतात आणि मान मागें झुकली तरी देह पडूं नये याची काळजी अंतःकर्ण घेतो. या साऱ्या बातम्या एकत्र करून त्यांतली महत्त्वाची कोणती आणि सोडून द्यावयाची कोणती, याचा निवाडा मेंदू करतो. या मेळाला संवेदन-समन्वय, किंवा वैद्यकांत रूढ झालेल्या नांवानें सेन्सरी इंटिग्रेशन, असें म्हणतात.

कांहीं मुलांत हा मेळ नीट बसत नाहीं, आणि तो न बसण्याच्या तऱ्हाही भिन्न असतात. पहिल्या तऱ्हेंत संवेदना प्रमाणाबाहेर लागते. भंडारा जिल्ह्यांत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते. ढोलकी वाजते, दंडार रंगते, पिपाण्यांचा गलका होतो आणि पोरें हरखून जातात. असें मूल मात्र दोन्ही कान झांकून आईच्या लुगड्यांत तोंड लपवितें. नव्या सदऱ्याची शिवण त्याला कांट्यासारखी टोंचते, डोक्याला तेल लावूं देणें त्याला शिक्षा वाटते आणि रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधींतल्या चिखलांत पाऊल टाकावयास तें निकरानें नकार देतें. दुसऱ्या तऱ्हेंत याच्या उलट स्थिति दिसते. गुडघा फुटून रक्त आलें तरी मुलाला दाद नाहीं. दोनदां हांक मारली तरी मान वळत नाहीं. आणि उड्या, गिरक्या, भिंतीवर अंग आदळणें यांवांचून त्याला चैन पडत नाहीं. तिसऱ्या तऱ्हेंत संवेदना पोंचते, पण तिची नीट फोड होत नाहीं. खिशांत हात घालून गोटी कोणती आणि नाणें कोणतें हें अशा मुलाला न पाहतां सांगतां येत नाहीं. सदऱ्याची गुंडी, चपलेचा पट्टा, लंगडीचा डाव, पाटीवरचें अक्षर, जेथें म्हणून हातापायांना नवी चाल बसवावयाची असते तेथें तें अडतें.

अशा मुलाला समाज कोणत्या नांवांनीं ओळखतो हें सांगावयास नको. पहिलें भित्रें आणि लाडावलेलें ठरतें, दुसरें द्वाड ठरतें, तिसरें आळशी किंवा ढ ठरतें. शिक्षक त्याला मागच्या बांकावर बसवितो, शेजारीण आईच्या संगोपनाला दोष देते आणि बाप छडी उचलतो. मूल स्वतः तर कांहींच सांगूं शकत नाहीं. कारण इतरांना जग निराळें लागतें हें त्याला ठाऊकच नसतें. म्हणून अशा मुलाची बाजू मांडणारा कोणी हवा, आणि ती मांडण्यापूर्वीं ती नीट समजून घेण्याचें शिक्षण त्याला मिळालेलें हवें. हें शिक्षण कसें असावें, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत तें कोणत्या अंगांनीं निराळें असावें लागेल, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या शास्त्राची मांडणी जीन एअर्स या अमेरिकन विदुषीनें केली. तिचा जन्म १९२० सालीं कॅलिफोर्नियांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. व्यवसायोपचाराचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, अभ्यास करून ती अपंग मुलांत काम करूं लागली. पुढें तिनें शैक्षणिक मानसशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. बुद्धि शाबूत, दृष्टि स्वच्छ, कान चांगले, तरीही मूल शिकत कां नाहीं, हा प्रश्न तिला बेचैन करीत होता. त्याचें उत्तर तिनें मेंदूच्या खालच्या थरांत, स्पर्श, तोल आणि स्नायूंची जाणीव यांच्या मेळांत शोधलें. १९७२ मध्यें तिचा पहिला मोठा ग्रंथ निघाला. त्या काळांतच तिनें परीक्षणाच्या कसोट्या रचल्या. त्यांचें सुधारलेलें रूप तिच्या मृत्यूनंतर, १९८९ सालीं, सिद्ध झालें. त्यांत १७ कसोट्या होत्या आणि त्या चार वर्षांपासून नऊ वर्षांच्या आंतील मुलांसाठीं होत्या. त्यांचीं प्रमाणें सुमारें २,००० मुलांवरून बसविलेलीं होतीं. पण तीं सारीं मुलें उत्तर अमेरिकेंतलीं होतीं, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या विद्येचा इतिहास अधिक जवळचा आहे. व्यवसायोपचाराचें आशियांतील पहिलें विद्यालय १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत निघालें आणि तें काढणाऱ्या होत्या कमलाबाई निंबकर. त्या जन्मानें अमेरिकन, पूर्वाश्रमींच्या एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून १९३० सालीं त्या भारतांत आल्या, येथल्याच झाल्या, आणि या विद्येचें शिक्षण घेण्यासाठीं पुन्हां अमेरिकेस जाऊन आल्या. १९५२ मध्यें व्यवसायोपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्याच उद्योगामुळें. पुढें १९५८ सालीं नागपुरास दुसरें विद्यालय निघालें. नागपूर भंडाऱ्याहून सुमारें ६० किलोमीटर. म्हणजे ही विद्या या जिल्ह्याच्या उंबरठ्याशीं येऊन सहा तपांपैकीं साडेपांच तपें तरी लोटलीं आहेत. उंबरठा ओलांडून ती गांवच्या ओसरीपर्यंत कशी न्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

भंडारा जिल्ह्याचें स्वरूप पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें वजन कळतें. १९९९ मध्यें गोंदिया निराळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके राहिले. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या १२,००,३३४ भरली आणि तींतले बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे होते. वैनगंगेच्या कांठीं धान पिकतें, मोहाडी-पवनीकडे कोशाचें कापड विणलें जातें, तुमसरच्या उत्तरेस मँगनीजच्या खाणी आहेत आणि भंडारा शहराला पितळी भांड्यांनीं नांव मिळवून दिलें आहे. लाखांदूरच्या एखाद्या शेतमजूर बाईनें मुलाला दाखविण्यासाठीं नागपुरास जावयाचें म्हटलें तर एका दिवसाची मजुरी जाते, दोघांचें भाडें लागतें आणि रोवणीच्या हंगामांत तर तें होतच नाहीं. अशी बाई एकदां जाईल, दोनदां जाईल. तिसऱ्यांदा जाणार नाहीं. म्हणून जें परीक्षण तिच्या वांट्याला येईल तें पहिल्याच खेपेस चोख व्हावें, याची जबाबदारी परीक्षकावर पडते.

सरकारी योजनेंत या मुलांना शोधण्याची पहिली पायरी ठरविलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं महाराष्ट्रांतच, पालघर येथें झाला. त्याच्या रचनेंत फिरतीं वैद्यकीय पथकें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि शाळेंत वर्षांतून एकदां येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात दोष, शरीरांतील न्यूनता, बालरोग आणि विकासांतील विलंब अशा चार सदरांत ती वांटलेली आहे. संशय आला कीं मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावें, अशी ही योजना. परंतु पथकाजवळ एका मुलासाठीं कांहीं मिनिटांचाच वेळ असतो. फाटलेला ओठ किंवा वांकलेला पाय तेवढ्यांत दिसतो. सदऱ्याची शिवण टोंचते म्हणून रडणारें मूल तेवढ्यांत दिसत नाहीं. तें काम पुढल्या पायरीवरच्या प्रशिक्षित उपचारकाचें आहे.

आतां त्या उपचारकाला शिकवावयाचें काय? सर्वांत आधीं शिकवावयाचें तें हें कीं, संवेदन-समन्वयाचा दोष हा शेवटीं करावयाचा तर्क आहे, पहिला नव्हे. हांकेला ओ न देणाऱ्या मुलाच्या कानांत मळ असेल, पडदा फाटलेला असेल, किंवा तें जन्मतः कमी ऐकत असेल. श्रवणपरीक्षा झाल्याशिवाय त्याच्या मेंदूबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला पोंचत नाहीं. पायरी उतरतांना चांचपडणाऱ्या मुलाला कदाचित् केवळ चष्मा हवा असेल. विदर्भांत याहून एक निराळें कारण डोळ्यांआड होऊं देतां कामा नये. येथें सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्याच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. या विकारानें ग्रस्त झालेलें मूल लवकर थकतें, हातपाय दुखतात म्हणून उडी मारावयास, झोक्यावर बसावयास, थंड पाण्यांत उतरावयास नाखूष असतें. पुस्तकी उपचारक त्याला गतीची भीति वाटते असा शेरा मारील आणि दुखणाऱ्या सांध्यांना व्यायाम सांगेल! रक्ताची एक तपासणी जें सांगूं शकते तें दहा प्रश्नावल्या सांगूं शकत नाहींत. झटके येण्याचा इतिहासही असाच आधीं विचारावयास हवा. कारण ज्या मुलाला आंकडी येते त्याला गरगर फिरविणाऱ्या कसोट्या वैद्याच्या सल्ल्यावांचून देणें धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट विचारण्याची. परदेशांत तयार झालेल्या प्रश्नावल्यांत पालकांना विचारलेलें असतें कीं, मूल शॉवरखालीं उभें राहतें काय, गालिच्यावर अनवाणी चालतें काय, झाडू-यंत्राच्या आवाजाला घाबरतें काय. हे प्रश्न शब्दशः मराठींत आणले तरी मोहाडीच्या विणकराच्या घरांत त्यांना अर्थ येत नाहीं. तेथें विचारावयाचें तें असें: डोक्यावर पाणी ओतूं देतो काय? तेल लावतांना, केंस कापतांना, नखें काढतांना किती माणसें धरावीं लागतात? चिखलांतून, शेणानें सारवलेल्या ओल्या अंगणांतून चालतो काय? भातांत वरण कालवलेलें चालतें कीं निराळें लागतें? तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकींत लांकडी बैल ओढीत जातो कीं दारांतूनच परततो? प्रश्न पुस्तकी मराठींतही असूं नये. या भागांत घरोघर झाडीबोली बोलली जाते. तींतले शब्द उपचारकाच्या कानाला सरावाचे नसतील तर आई ‘होय’ म्हणेल, उपचारक ‘होय’ लिहून घेईल, आणि दोघांच्या मनांत दोन निराळ्या गोष्टी असतील.

तसेंच उत्तराची किंमत ओळखणें हेंही शिकावें लागतें. चिखलांत पाय न टाकणारें मूल भंडाऱ्याच्या शहरवस्तींत वाढलें असेल तर त्यांत नवल नाहीं, कारण त्याला चिखल ठाऊकच नाहीं. तेंच मूल बांधीवर वाढलें असेल तर ती लक्षणीय गोष्ट ठरते. पितळी भांडीं ठोकण्याच्या ठणठणाटांत ज्याचा जन्म गेला त्या मुलाला आवाजाची संवय झालेली असते. त्यानें शाळेच्या घंटेला दचकावें याला कांहीं अर्थ असूं शकतो. संवय कोठें संपते आणि दोष कोठें सुरू होतो, ही सीमा कोणत्याही पुस्तकांत आंखून दिलेली नाहीं. ती आंखण्यासाठीं उपचारकानें त्याच गांवचीं, त्याच वयाचीं, अडचण नसलेलीं पुष्कळ मुलें आधीं पाहिलेलीं असावीं लागतात. प्रशिक्षणाचा पहिला महिना केवळ निरोगी मुलांच्या खेळण्याकडे पाहण्यांत घालविला तरी तो वायां गेला असें होणार नाहीं.

तिसरी गोष्ट हातानें करावयाच्या कसोट्यांची. मुलाला पोटावर निजवून हात, मान आणि पाय एकाच वेळीं उचलावयास सांगतात. विमानासारख्या या स्थितींत तें किती सेकंद राहतें यावरून अंतःकर्ण आणि पाठीचे स्नायु यांचें सहकार्य कळतें. उताणें निजवून गुडघे पोटाशीं आणि हनुवटी छातीशीं घ्यावयास सांगतात. अंगठा प्रत्येक बोटाला क्रमानें लावणें, डोळे मिटून बोट नाकाला लावणें, एका पायावर आधीं डोळे उघडून आणि मग मिटून उभें राहणें, अशा साध्या कृतींतून पुष्कळ उलगडा होतो. स्पर्शाची परीक्षा घेतांना मुलाच्या डोळ्यांपुढें आडोसा धरून एका बोटाला हलकेच स्पर्श करतात आणि कोणतें बोट हें विचारतात. हाताच्या पाठीवर आकृति काढून तीच काढावयास सांगतात. मुठींत वस्तु देऊन न पाहतां तिचा आकार ओळखावयास लावतात. फिरत्या पाटावर बसवून वीस सेकंदांत दहा फेरे दिल्यावर डोळ्यांची बाहुली किती वेळ थरथरत राहते, हेंही एअर्सबाईंच्या कसोट्यांत मोजीत असत; ती थरथर अगदीं अल्प काळ टिकणें आणि फार वेळ टिकणें या दोन्ही गोष्टी परीक्षकाला कांहीं सांगून जातात.

या कृति ऐकावयास सोप्या आहेत, आणि त्यांतच धोका आहे. मुलाला सूचना किती शब्दांत द्यावी, एकदां करून दाखवावें कीं दोनदां, घड्याळ कोणत्या क्षणीं सुरू करावें, ‘शाबास’ केव्हां म्हणावें, यांत दोन परीक्षकांचा फरक पडला तर एकाच मुलाचे दोन निकाल येतात. म्हणून प्रशिक्षणाचा खरा कस जोडीनें पाहण्यांत आहे. एकच मूल दोन शिकाऊ उपचारकांनीं एकाच वेळीं पाहावें, एकमेकांशीं न बोलतां आपआपले आंकडे लिहावे आणि मग ताडून पाहावे. जेथें फरक पडला तेथें पुन्हां पाहावें, वाद घालावा, गुरूला विचारावें. दोघांचे आंकडे बहुतेक वेळां जुळूं लागेपर्यंत कोणीही एकट्यानें निकाल देऊं नये. हें काम कंटाळवाणें खरें. पण तराजू पारखून न घेतां सोनें तोलण्यास बसणारा सराफ जसा, तसा हा संस्कार न झालेला परीक्षक होय.

चौथी गोष्ट जागेची. रंगीत गाद्या आणि टांगलेले झोके असलेल्या खोलींत मूल जसें वागतें तसें तें वर्गांत वागेलच असें नाहीं. तेथें पन्नास मुलांचा कोलाहल असतो, घामट शेजारी अंगाला खेटून बसलेला असतो, पत्र्यावर पाऊस वाजत असतो. मुलाची अडचण ज्या ठिकाणीं होते त्या ठिकाणीं जाऊन निदान एकदां तरी पाहिलेंच पाहिजे. लंगडी, फुगडी, चिंचोके उचलणें, झाडाला बांधलेला दोराचा झोका, यांत उपचारकाला हव्या असलेल्या बहुतेक गोष्टी आपोआप दिसतात. फुगडींत गिरकीनंतर तोल किती लवकर सांवरतो, लंगडींत उडीची दिशा कशी ठरते, चिंचोके वेंचतांना दुसरा हात काय करतो, हें ज्याला पाहतां येतें त्याचें यंत्रसामुग्रीवांचून फारसें अडत नाहीं. प्रमाणित कसोट्यांची जागा हे खेळ घेऊं शकणार नाहींत हें खरें; पण कसोटींत जो दोष दिसला तो खेळांतही दिसला तरच तो मुलाच्या जीवनांतला दोष म्हणावयाचा.

पांचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट निष्कर्षाची. परीक्षणाच्या शेवटीं एक नांव चिकटवून मुलाला घरीं धाडणें म्हणजे परीक्षण नव्हे. शिकाऊ उपचारकानें लिहावयाचें तें असें: मूल वर्गांत लिहीत नाहीं, त्याचें कारण बोटांची स्पर्शजाणीव अस्पष्ट असणें हें असावें असा तर्क आहे, या तर्काला अमुक तीन निरीक्षणांचा आधार आहे आणि अमुक एक निरीक्षण त्याच्या विरुद्ध आहे, इतके आठवडे अमुक उपाय करून पाहावा आणि मूल तोंवर स्वतः सदऱ्याच्या दोन गुंड्या लावूं लागलें नाहीं तर हा तर्क चुकला असें समजावें. विरुद्ध पुरावा लिहिण्याची संवय ज्याला लागली त्याच्या हातीं मूल सुरक्षित आहे. शिवाय उद्दिष्ट आईनें सांगितलेलें असावें. उपचारकाला झोक्यावरचा तोल महत्त्वाचा वाटेल. आईला मुलानें पंगतींत बसून जेवावें एवढेंच हवें असतें, आणि तिचेंच म्हणणें येथें प्रमाण मानलें पाहिजे.

एवढा सावधपणा कां हवा, याचें कारण या शास्त्राच्या आजच्या स्थितींत आहे. संवेदनांच्या अडचणी खऱ्या आहेत, याविषयीं आतां फारसा वाद नाहीं. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, निदानासाठीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघानें २०१३ मध्यें जीं लक्षणें ठरविलीं त्यांत संवेदनेची अतितीव्रता आणि मंदता यांचा समावेश झाला. भारतांतही स्वमग्नता मोजण्यासाठीं जी ४० कलमांची भारतीय मापनश्रेणी वापरतात, तिच्या सहा विभागांपैकीं एक संवेदनांचाच आहे. परंतु स्वमग्नता नसलेल्या मुलांत ‘संवेदन-विकार’ हें स्वतंत्र निदान मानावें काय, यावर एकमत झालेलें नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं आपल्या सभासदांना तसें निदान न करण्याचा सल्ला दिला. उपचार करूं नये असें मात्र म्हटलें नाहीं, त्याच्या गुणाविषयींचा पुरावा मर्यादित आहे हें पालकांना सांगावें, असें म्हटलें.

उपचाराच्या फळाविषयींही चित्र संमिश्र आहे. २०१४ मध्यें अमेरिकेंत ३२ स्वमग्न मुलांवर झालेल्या प्रयोगांत, पालकांनीं ठरविलेलीं उद्दिष्टें उपचार मिळालेल्या मुलांनीं अधिक प्रमाणांत गांठलीं. उलट २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १३८ मुलांच्या मोठ्या प्रयोगांत, नेहमींच्या सेवेपेक्षां या उपचारानें मुलांच्या वागण्यांत अधिक सुधारणा झाल्याचें आढळलें नाहीं. दोन्ही निकाल डोळ्यांपुढें ठेवणाऱ्या उपचारकानें काय करावें? त्यानें प्रत्येक मुलाबरोबर मोजीत जावें, हें त्याचें उत्तर आहे. सर्व मुलांना गुण येतो असें सिद्ध झालेलें नाहीं. मग याच मुलाला येतो कीं नाहीं, हें ठरविण्याचें साधन चोख परीक्षणाखेरीज दुसरें कोणतें असणार? ज्या आईनें मजुरी बुडविली तिला सहा महिन्यांनंतर ‘उपयोग होत नाहीं, आतां थांबूं आणि दुसरा मार्ग पाहूं’ असें प्रामाणिकपणें सांगतां यावें, यासाठीं आरंभींचा आंकडा लिहून ठेवलेला असला पाहिजे.

नव्या कसोट्यांचा प्रयत्नही जगांत चालू झालेला आहे. एअर्सबाईंच्या परंपरेंतील विदुषींनीं २०१८ पासून २० कसोट्यांचा एक नवा संच पुढें आणला आहे. जुना संच महाग आणि एकाच खंडांतील मुलांवर आधारलेला होता, ही उणीव दूर करावी म्हणून अनेक देशांतील उपचारकांनीं आपआपल्या मुलांचीं मापें गोळा करावीं अशी त्याची योजना आहे. या कामांत झाडीपट्टींतील मुलांचींही मापें असावींत, असें म्हणणें अवास्तव ठरणार नाहीं. कारण ज्या मापांत आपलीं मुलें मोजलेलींच नाहींत त्या मापानें त्यांना कमी ठरविणें न्यायाचें नव्हे.

या विद्येचा प्रसार करतांना तिची वांटणीही विवेकानें व्हावयास हवी. अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला कसोट्या शिकवूं नयेत. त्यांना चार खुणा शिकवाव्या आणि कोणाकडे धाडावयाचें तें सांगावें. शाळामास्तरांना दोष ओळखावयास लावण्यापेक्षां अशा मुलाला खिडकीपासून, घंटेपासून दूर बसवावें, मधून मधून फळा पुसावयास किंवा पाणी आणावयास उठवावें, एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें. त्यासाठीं निदानाची वाट पाहावी लागत नाहीं आणि त्यानें कोणाचें नुकसानही होत नाहीं. परीक्षण मात्र ज्यानें विद्यालयांत चार वर्षें घालविलीं, शरीर आणि मेंदू यांचा अभ्यास केला, आणि त्यावर हें विशेष शिक्षण गुरूच्या नजरेखालीं घेतलें, त्यानेंच करावें. दोन दिवसांच्या शिबिरांतून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मनुष्य जेथें तेथें संवेदनांचा दोष पाहूं लागतो, आणि मग खेड्यांतील भोळ्या आईबापांना निरर्थक उपचारांचा खर्च सोसावा लागतो.

नागपूरच्या विद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण उपचारक मोठ्या शहरांकडे वळतात हें साहजिक आहे. तेथें साधनें आहेत, सहकारी आहेत, प्राप्ति आहे. तरी त्यांच्या शिक्षणांतील कांहीं आठवडे भंडारा, तुमसर, पवनी येथील शाळांत आणि अंगणवाड्यांत घालविण्याची व्यवस्था झाली, तर दोन कामें एकदम साधतील. शिकणाऱ्याला निरोगी आणि अडचणींतलीं, शहरी आणि ग्रामीण, बोलकीं आणि अबोल अशीं पुष्कळ मुलें पाहावयास मिळतील. आणि लाखांदूरच्या त्या बाईला आपलें मूल दाखविण्यासाठीं नागपूरची मोटार धरावी लागणार नाहीं. यासाठीं इमारत नको, मोठें यंत्रही नको. एक चटई, एक घड्याळ, कांहीं घरगुती वस्तु, दोन पारखलेले परीक्षक आणि एका मुलासाठीं निवांत दोन तास, एवढी सामुग्री पुरे. तेवढे दोन तास मिळाले, तर आज द्वाड किंवा ढ म्हणून मागच्या बांकावर बसलेल्या मुलांपैकीं कोणाला खरोखर उपचार हवा आहे, कोणाला चष्मा हवा आहे, कोणाच्या रक्ताची तपासणी व्हावयास हवी आहे आणि कोणाला केवळ थोडें समजून घेतलेलें हवें आहे, हें सांगतां येईल.